खेळायला नाही म्हणणारी मुलं

२०२५ च्या डिसेंबरात नातवाचा अमेरिकेतून फोन आला. हवापाण्याच्या चौकशा होण्याआधीच म्हणाला, "आजोबा, या वेळी खेळाडू नाही, अख्खी टीमच खेळायला नाही म्हणाली!" पलीकडे त्याचे वडील, म्हणजे आमचे जावई, काहीतरी मोठ्याने बोलत होते. आवाजावरून ओळखलं की घरात तोच जुना वाद पुन्हा पेटलाय. चार वर्षांपूर्वी मी त्यांच्या घरी असताना सुरू झालेला.

मी आयुष्यभर मराठी शिकवलं. खेळातलं मला कळतं ते खो-खो आणि थोडंसं क्रिकेट. त्यामुळे अमेरिकन फुटबॉलवर मी लिहावं हे जरा धाडसाचंच आहे. पण हा वाद माझ्या फार आतल्या जागी जाऊन लागला, म्हणून लिहितो.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी आधी थोडं. हा आपला फुटबॉल नव्हे. इथे चेंडू लांबट असतो, तो बहुतेक वेळ हातातच असतो, आणि शिरस्त्राणं-चिलखतं घातलेली धिप्पाड मुलं एकमेकांवर आदळतात. पहिले पंधरा दिवस मला ही मारामारी वाटत होती. नंतर नातवाने कागदावर आकृत्या काढून समजावलं तेव्हा लक्षात आलं की हे बुद्धिबळासारखं आहे, फक्त प्याद्यांची हाडं खरोखर मोडतात. तिथे कॉलेजचा फुटबॉल हा आपल्या आंतरविद्यापीठ स्पर्धेसारखा कोपऱ्यात पडलेला प्रकार नाही. विद्यापीठांच्या मैदानांत लाख-लाख माणसं बसतात. मुलगी राहते त्या कोलंबस गावात ओहायो स्टेट विद्यापीठाचं असंच मैदान आहे, आणि सामन्याच्या दिवशी सगळं गाव लाल-करड्या कपड्यांत असतं.

मोसम संपला की डिसेंबरच्या मध्यापासून 'बोल' नावाचे सामने सुरू होतात. बोल म्हणजे वाडगा. मैदानाचा आकार वाडग्यासारखा, म्हणून हे नाव. सगळ्यांत जुना रोझ बोल. कॅलिफोर्नियात पॅसाडेना इथे नववर्षाच्या फुलांच्या मिरवणुकीला जोडून १९०२ साली पहिला सामना झाला. मिशिगनने स्टॅनफर्डला ४९-० असं हरवलं. पुढे १९१६ पासून तो दरवर्षी होऊ लागला. आता असे चाळीसच्या आसपास बोल आहेत आणि त्यातल्या बऱ्याच जणांना कंपन्यांची नावं आहेत. एक बटाट्याच्या नावाचा आहे. एक मेयोनेजचा आहे, तिथे जिंकणाऱ्या प्रशिक्षकाच्या डोक्यावर भांडंभर मेयोनेज ओततात. (मला हे थट्टा वाटलं होतं. नातवाने व्हिडिओ दाखवला.)

तर मुद्दा असा, की या बोल सामन्यांत न खेळण्याची पद्धत गेल्या काही वर्षांत पडली आहे. जो मुलगा एप्रिलमध्ये व्यावसायिक लीगमध्ये, म्हणजे एनएफएलमध्ये, निवडला जाणार आहे तो म्हणतो, "हा एक सामना मी खेळत नाही. मोडलो तर माझं भविष्य गेलं." गाजावाजा झाला तो २०१६ च्या डिसेंबरात. लुइझियाना स्टेटचा लिओनार्ड फोर्नेट आणि स्टॅनफर्डचा ख्रिश्चन मॅकॅफ्री या दोघा नावाजलेल्या खेळाडूंनी आपापला बोल सोडला. खूप टीका झाली. एप्रिल २०१७ मध्ये फोर्नेट चौथ्या क्रमांकावर निवडला गेला, मॅकॅफ्री आठव्या. टीकाकारांना जे वाटलं होतं की क्लब अशा मुलांना शिक्षा करतील, तसं काही झालं नाही.

२०२१ च्या डिसेंबरात मी कोलंबसला होतो. १ जानेवारी २०२२ ला रोझ बोलमध्ये ओहायो स्टेट विरुद्ध युटा असा सामना होता. जावई याच विद्यापीठात शिकलेले, त्यामुळे घरात सणाचं वातावरण. आणि त्यातच बातमी की ख्रिस ओलावे आणि गॅरेट विल्सन हे दोन मोहरे खेळणार नाहीत. जावयांचा चेहरा असा पडला, की घरात कोणी आजारी आहे असं वाटावं.

त्या दिवशी सकाळी टीव्हीवर कर्क हर्बस्ट्रीट नावाचे समालोचक बोलले. ते स्वतः ओहायो स्टेटचे जुने खेळाडू. आजच्या पिढीतल्या मुलांना खेळावर प्रेमच उरलेलं नाही, अशा आशयाचं काहीतरी ते म्हणाले आणि दिवसभर त्यावर गदारोळ चालला. जावई म्हणाले, "बरोबर बोलले. बाबा, तुम्हीच सांगा, विद्यापीठाने यांना फुकट शिकवलं, खाऊ घातलं, नाव दिलं. आणि शेवटच्या सामन्याला पाठ?"

मी मान डोलावली. अगदी मनापासून. पस्तीस वर्षं वर्गात उभं राहून 'कृतज्ञता' या विषयावर निबंध लिहून घेतलेला माणूस आणखी काय करणार! मी म्हणालो, हल्लीची मुलं मतलबी झालीत. नातू तेव्हा तेरा वर्षांचा. तो म्हणाला, "आजोबा, मॅच जिंकून त्यांना काय मिळणार आहे?" मी त्याला गप्प बसवलं. शिक्षकाची जुनी खोड.

दुपारी टीव्हीवर दुसरा एक बोल लागला होता, नोटर डेम विद्यापीठाचा. मी सहज विचारलं की हा प्रशिक्षक फारच तरुण दिसतो. नातू म्हणाला, हा नवीन आहे, मार्कस फ्रीमन. आधीचे ब्रायन केली महिन्यापूर्वी सोडून गेले, लुइझियाना स्टेटला. कशासाठी? तर दहा वर्षांचा साडेनऊ कोटी डॉलरचा करार मिळाला म्हणून. मोसमाचा शेवटचा सामना बाकी असताना! आणि पुढे कळलं की याच गृहस्थांनी २००९ च्या डिसेंबरात सिनसिनाटीचा एकही सामना न हरलेला संघ असाच बोलच्या आधी सोडला होता, नोटर डेमला जाण्यासाठी.

मी जावयांकडे पाहिलं. ते म्हणाले, "ते वेगळं आहे बाबा. ती नोकरी आहे."

हे वाक्य माझ्या डोक्यात रुतून बसलं. पन्नाशी-साठीचा माणूस कोट्यवधी डॉलरसाठी संघ सोडून गेला तर ती नोकरी, आणि एकवीस वर्षांच्या पोराने गुडघा वाचवला तर तो कृतघ्नपणा. पैसा कोणाकडे जातोय यावरून आपण शब्द बदलतो की काय?

संध्याकाळी रोझ बोल सुरू झाला. युटाने अर्ध्या वेळेपर्यंत ३५-२१ अशी आघाडी घेतली आणि जावई दर दोन मिनिटांनी "ओलावे असता तर..." म्हणत होते. पण मग जे झालं ते माझ्यासारख्या अडाण्यालाही कळलं. जॅक्सन स्मिथ-एन्जिग्बा नावाच्या मुलाने एकट्याने १५ चेंडू झेलून ३४७ यार्ड काढले, कोणत्याही बोलमधला तो विक्रम होता. सी. जे. स्ट्राउड चेंडू फेकत होता, हा झेलत होता. शेवटच्या नऊ सेकंदांवर ओहायो स्टेटने तीन गुण केले आणि ४८-४५ असा सामना जिंकला. जावयांनी मला मिठी मारली (लग्नात मारली होती त्यानंतर हीच). जे दोघे आले नाहीत त्यांच्याविषयी त्यानंतर कोणी अवाक्षर काढलं नाही. विल्सन पुढे दहाव्या क्रमांकावर निवडला गेला, ओलावे अकराव्या.

गोष्ट इथे संपली असती तर मी हा लेख लिहिला नसता. पण हा सामना संपता संपता दुसरा सुरू झाला, शुगर बोल, न्यू ऑर्लिन्सला. ओले मिस विरुद्ध बेलर. ओले मिसचा मॅट कोरल हा पहिल्या फेरीत निवडला जाईल अशी चर्चा असलेला खेळाडू. त्याने मात्र सोबत्यांना सोडून जाणार नाही असं ठरवलं होतं. जावई मला म्हणाले, "हा बघा बाबा, याला म्हणतात खेळाडू."

पहिल्या सत्रातच त्याला खाली पाडलं. उठता येईना. त्याच्या चेहऱ्यावरची वेदना कॅमेऱ्याने अगदी जवळून दाखवली. नंतर तो बाहेर कडेला दिसला तो कुबड्या घेऊन. घोटा दुखावला होता. ओले मिस हरलं. एप्रिलमध्ये तो तिसऱ्या फेरीत, ९४ व्या क्रमांकावर निवडला गेला. केवळ घोट्यामुळेच असं कोणी छातीठोक सांगू शकणार नाही, क्लबांची गणितं अनेक असतात. पण त्या रात्री घरात कोणी बोललं नाही. आणि मला तिथे, त्या उबदार खोलीत, बाहेर बर्फ पडत असताना, १९८७ सालचं एक मैदान दिसायला लागलं.

तेव्हा मी सांगली जिल्ह्यातल्या एका शाळेत होतो. शारीरिक शिक्षणाचे सर रजेवर होते, म्हणून खो-खोच्या संघाबरोबर मला पाठवलं. जिल्ह्याचा अंतिम सामना. आमचा सगळ्यांत चपळ मुलगा अकरावीतला. घरची परिस्थिती बेताची, शाळेने फी माफ केलेली, पुस्तकं दिलेली. त्याला पोलिसात जायचं होतं. रोज पहाटे कॅनॉलच्या रस्त्याने पळायचा. उपांत्य सामन्यात त्याचा गुडघा सुजला. गावातल्या डॉक्टरांनी दोन आठवडे विश्रांती सांगितली.

त्याने स्वतःहून मला येऊन सांगितलं, "सर, उद्या नको खेळू वाटतंय. भरतीला गुडघा लागंल."

मी त्याला काय म्हणालो ते शब्द न् शब्द आठवतं. "शाळेनं तुला काय कमी केलंय? एवढा एक सामना शाळेसाठी खेळ." मग मीच माझ्या हाताने क्रेप बँडेज बांधलं. दुसऱ्या दिवशी तो खेळला. खांबावरून वळताना पाय तसाच राहिला आणि अंग फिरलं. त्याचा आवाज मला आला. आम्ही ढाल जिंकली. मुख्याध्यापकांच्या खोलीतल्या कपाटात ती ठेवली, मी निवृत्त झालो तेव्हाही तिथेच होती.

तो दोनदा भरतीला गेला, दोन्ही वेळा धावण्यात बाद झाला. आता त्याची पिठाची गिरणी आहे. चांगली चालते. बाजारात भेटला की वाकून नमस्कार करतो, किंचित एका बाजूला झुकून, कारण तो गुडघा पुरता वाकत नाही. त्याने मला कधीही दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं असं अनेकदा वाटतं. कदाचित तो भरतीत तसाही बाद झाला असता, हे मी स्वतःला सांगून पाहिलं आहे. त्याचा फार उपयोग होत नाही.

म्हणून ती दोन मुलं मतलबी आहेत हे माझं वाक्य मी त्या रात्री मनातल्या मनात मागे घेतलं. त्यांच्या आधी, १ जानेवारी २०१६ ला, नोटर डेमचा जेलन स्मिथ फिएस्टा बोल खेळला होता. पहिल्या पाचांत निवडला जाणार असं सगळे म्हणत होते. पहिल्याच सत्रात गुडघ्याचे दोन अस्थिबंध तुटले, मज्जातंतू दुखावला, पाऊल उचलेना. निवड झाली ३४ व्या क्रमांकावर, कराराची रक्कम निम्म्याहून खाली, आणि पुढचा अख्खा मोसम बाहेर. त्याने विमा काढलेला होता म्हणून सुमारे नऊ लाख डॉलर मिळाले, असं तेव्हा छापून आलं. पुन्हा उभा राहिला तो त्याच्या जिद्दीने. विरुद्ध बाजूला होतं ओहायो स्टेट. जावयांनी तो सामना पाहिला होता, जिंकल्याचा आनंदही केला होता. गुडघा त्यांना आठवत नव्हता. आपण बघणारी माणसं अशीच असतो. ढाल आठवते.

आता दुसरी बाजू, कारण ती आहे. कॉलेजात खेळणाऱ्या शंभर मुलांतली दोनसुद्धा एनएफएलपर्यंत पोचत नाहीत. बाकीची हिशोबनीस होतात, शिक्षक होतात, बापाचं दुकान चालवतात. त्यांच्यासाठी तो बोल हा आयुष्यातला शेवटचा सामना असतो. मेयोनेजच्या नावाचा का असेना. त्यांच्यातला सर्वांत तगडा गडी शेवटच्या दिवशी साध्या कपड्यांत बाजूला उभा राहिला, किंवा आलाच नाही, तर त्यांना काय वाटत असेल? डिसेंबर २०२३ मध्ये फ्लोरिडा स्टेटचं हेच झालं. तेराच्या तेरा सामने जिंकूनही त्यांना अजिंक्यपदाच्या चौघांत घेतलं नाही. रागाने आणि भविष्याच्या विचाराने वीसहून अधिक खेळाडू ऑरेंज बोलला बाहेर राहिले. उरलेल्यांना जॉर्जियाने ६३-३ असं चिरडलं. त्या उरलेल्या पोरांचं मला वाईट वाटतं. सोडून जाणाऱ्याने निदान आधी, समोरासमोर, आपल्या सोबत्यांना सांगावं. आमच्या मुलाने मला सांगितलं होतं तसं.

पण खेळावर प्रेम उरलं नाही हे मला पटत नाही. २०१४ च्या मोसमापासून चार संघांची बाद फेरी आली, २०२४ पासून बारा संघांची. त्या सामन्यांतून भविष्य वाचवण्यासाठी अंग काढून घेणारा सहसा सापडत नाही. १ जानेवारी २०२५ चा रोझ बोल हा बाद फेरीचा होता. तेच मैदान, तेच ओहायो स्टेट. व्यावसायिक क्लबांनी आधीच हेरून ठेवलेले त्यांचे मोहरे सगळे मैदानात. ओरेगनला ४१-२१ हरवलं आणि पुढे अजिंक्यपदही घेतलं. म्हणजे मुलं तीच आहेत, गुडघेही तेवढेच नाजूक आहेत. फरक इतकाच, की मोठ्या माणसांनीच काही सामने मोलाचे आणि बाकीचे शोभेचे ठरवून टाकले. मुलांनी तो हिशोब फक्त वाचला. उलटही उदाहरण आहे. अलाबामाचे ब्राइस यंग आणि विल अँडरसन ३१ डिसेंबर २०२२ ला शोभेचाच शुगर बोल खेळले, जिंकले, आणि निवडीत पहिले आणि तिसरे आले. त्यांना सलाम. पण ते सुखरूप राहिले म्हणून कोरलने केलं ते बरोबर होतं किंवा ओलावेने केलं ते चूक होतं, असं सिद्ध होत नाही.

जावयांचं हल्लीचं म्हणणं असं की आता मुलांना पैसे मिळतात, मग सबब कसली? हे खरं आहे. जुलै २०२१ पासून खेळाडू आपल्या नावावर जाहिरातींचे पैसे घेऊ शकतात, आणि जुलै २०२५ पासून तर विद्यापीठं थेट देऊ शकतात, वर्षाला सगळ्या खेळाडूंना मिळून दोन कोटी डॉलरच्या थोडं वर. यावर माझं उत्तर मास्तरी आहे. पगार देत असाल तर करारात लिहा की शेवटचा सामनाही खेळावा लागेल, आणि मोडला तर विमा आमचा. लिहून घ्या आणि लिहून द्या. निष्ठा, कृतज्ञता, शाळेचं नाव हे शब्द वापरू नका. ते शब्द फार स्वस्त पडतात वापरणाऱ्याला. मी वापरलेत.

तर यंदाची बातमी. नोटर डेमने दहा सामने जिंकले, दोन हरले, तरी बाद फेरीत जागा मिळाली नाही. म्हणून त्यांनी कोणताच बोल खेळायचा नाही असं ठरवलं. विद्यापीठानेच! ज्या विद्यापीठासाठी जेलन स्मिथने गुडघा दिला तेच. नातू विचारत होता, "आता बाबा त्यांना सेल्फिश म्हणणार का?" तो सतरा वर्षांचा झालाय, त्याला मी आता गप्प बसवत नाही.

तेवढ्यात जावयांनी फोन घेतला. म्हणाले, "बाबा, ते वेगळं आहे. तो मॅनेजमेंटचा निर्णय आहे." मी काही बोलणार तोच मुलीने त्यांच्या हातून फोन घेतला आणि गॅरेजसमोर किती बर्फ साचलंय ते सांगायला लागली.